हजेरी बारा तासांची, पगार आठ तासांचा

चाकणला ठेकेदारामार्फत लागलेल्या पोराचा पगार एका जागी कापला जात नाही. दर कमी लावून कापतात, ओव्हरटाइम सिंगल देऊन कापतात, पीएफच्या नावाने कापून भरत नाहीत, आणि शेवटी हिशेब न देता गेटबाहेर काढून उरलेलं खातात. हे सगळं माझ्यासोबत झालं आणि त्यातलं बरंचसं मी परत मिळवलं. कसं मिळवलं ते लिहितोय, कारण परभणी, हिंगोली, नांदेड, बीडकडून दर वर्षी आयटीआय झालेली पोरं रात्रीच्या ट्रॅव्हल्सने इकडे येतात, पहाटे उतरतात आणि त्याच दिवशी कुठल्यातरी ठेकेदाराच्या ऑफिसात कागदपत्रं देऊन बसतात. त्यांच्यातल्या कोणाच्या तरी हे कामी यावं.

मी फिटर ट्रेडचा. २०२१ साली, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर कंपन्या पुन्हा माणसं घ्यायला लागल्या तेव्हा आलो. गावाकडच्या एका दादाने व्हॉट्सॲपवरचा मेसेज पाठवला होता: तात्काळ जॉइनिंग, १३ हजार हातात, ओटी (ओव्हरटाइम) वेगळा, बस-कँटीन फ्री. ठेकेदाराचं ऑफिस खराबवाडीत, मोबाइलच्या दुकानावरची एक खोली. तिथे आधार, पॅन, पासबुकची झेरॉक्स, फोटो आणि आयटीआयचं ओरिजिनल सर्टिफिकेट मागितलं. ओरिजिनल मी दिलं नाही, झेरॉक्सवर अडून बसलो. ज्यांनी ओरिजिनल दिलं त्यांना नोकरी सोडताना ते परत मिळवायला किती विनवण्या कराव्या लागल्या ते मी नंतर पाहिलं.

मग कागदांचा गठ्ठा पुढे आला. काही छापील, काही कोरे. कोऱ्या कागदांवर खाली उजव्या कोपऱ्यात पेन्सिलने फुली केलेली, तिथे सही करायची. सही केल्याशिवाय गेटपास निघणार नव्हता, आणि खोलीचं डिपॉझिट आदल्या दिवशीच भरलेलं होतं. रांगेतल्या सगळ्यांनीच सह्या केल्या. नेमणूकपत्र कोणालाच मिळालं नाही. विचारलं तर, 'आधी काम तर करा, नंतर देऊ.'

कंपनी मोठ्या गाडी-उत्पादकांना पत्र्याचे पार्ट पुरवणारी होती. मला प्रेस शॉपला टाकलं. पत्र्याचा ब्लँक (कापलेला तुकडा) उचलायचा, डायवर (साच्यावर) ठेवायचा, दोन हातांनी दोन बटणं दाबायची, स्ट्रोक पडला की जॉब, म्हणजे तयार पार्ट, काढून बिनमध्ये टाकायचा. बटणं दोन असतात ती दोन्ही हात प्रेसच्या बाहेर राहावेत म्हणून. पण तासाचं टार्गेट असं ठेवलेलं होतं की जुन्या मशीनवर एक बटण टेप लावून कायमचं दाबलेलं असायचं, म्हणजे जॉब काढायला एक हात मोकळा. सुपरवायझरला हे ठाऊक होतं. टेप त्याच्याच ड्रॉवरमधून यायची.

माझ्या शेजारच्या मशीनवर एक पर्मनंट काका होते. काम तेच, प्रेस तीच, पगार माझ्या चौपट. त्यांचा मला राग आला नाही. तेवढा पगार व्हायला त्यांच्या युनियनने किती वर्षं झगडा केला ते त्यांच्याकडूनच ऐकलं. पर्मनंट कामगारासारखंच काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला वेतन आणि अटी त्याच असल्या पाहिजेत, हे कंत्राटी कामगार कायद्याच्या नियमांत तेव्हा लिहिलेलं होतं, हेही त्यांनीच जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. 'पण मागायला कोणीतरी उभं राहायला लागतं बाळा, आणि तुमची पोरं सहा महिन्यांत निघून जातात.'

पहिल्या महिन्याचा पगार खात्यात ९ हजार ४०० आला. पगाराची स्लिप नाही. सुपरवायझर म्हणाला, पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा), शूज, ड्रेस, बस, कँटीन कापलं. बस आणि कँटीन तर फ्री सांगितले होते. सेफ्टी शूजचे पैसे कामगाराकडून घेताच येत नाहीत. कारखाने कायद्याप्रमाणे मालकाने पुरवायच्या साधनांचं शुल्क कामगारावर टाकता येत नव्हतं. बारा तासांची ड्युटी रोजची होती. आठ तास धरून हजेरी लागायची आणि वरच्या चार तासांना साध्या दराने पैसे, तेही सगळ्या दिवसांचे नाहीत. त्याच कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वरचं काम दुप्पट दराने मोजावं लागायचं. आमच्या लाइनवर हे कोणालाही ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं, म्हणजे एचआरला, ते बोलत नव्हते.

किमान वेतनाचं प्रकरण जरा समजून घ्यावं लागतं, कारण ठेकेदाराची चोरी तिथे दिसत नाही. महाराष्ट्रात सगळ्यांना मिळून एक आकडा नाही. अभियांत्रिकी उद्योगाचा दर वेगळा, प्लास्टिकचा वेगळा, दुकानांचा वेगळा. त्यात परिमंडळं (गाव-शहराप्रमाणे पाडलेले भाग), आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग. मूळ वेतनावर विशेष भत्ता असतो आणि तो जानेवारीत आणि जुलैत बदलतो. आमच्याकडे आयटीआय फिटरला अकुशल दाखवायचे आणि भत्ता मागच्या कुठल्यातरी सहामाहीचा लावायचे. दोन्ही मिळून महिन्याला तीन हजारांच्या आसपास फरक पडत होता. शंभर-दीडशे पोरांचे तीन-तीन हजार म्हणजे महिन्याला किती, याचा हिशेब मी एका रात्री खोलीवर केला आणि मग झोप आली नाही. हा निष्काळजीपणा नव्हता. कोणीतरी बसून, दर महिन्याला, ठरवून हे करत होतं.

सात महिने होत आले की ब्रेक. 'पंधरा दिवस गावाला जाऊन या, मग परत घेतो.' वर्षात २४० दिवस काम भरलं की औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे कामगाराला काही हक्क लागू व्हायचे, ते भरू नयेत म्हणून ही पद्धत. मी परत आलो तेव्हा मशीन तीच, सुपरवायझर तोच, पण गेटपासवर ठेकेदाराचं नाव दुसरं. ठेकेदाराच्या भावाची फर्म. कंत्राटी कामगार कायदा महाराष्ट्रात तेव्हा ५० किंवा जास्त कामगारांच्या ठेकेदाराला लागू व्हायचा, त्यामुळे माणसं दोन-तीन नावांत वाटली की परवान्याची झंझट कमी होते. दुसऱ्या नावाखाली पद्धतही बदलली. आता पगार पूर्ण जमा व्हायचा, कागदावर अगदी बरोबर. पण पगाराच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने ३ हजार रुपये मोबाइलवरून सुपरवायझरच्या मेहुण्याला पाठवायचे. न पाठवणाऱ्याचं नाव पुढच्या आठवड्यात शिफ्टच्या यादीत नसायचं. मी दर महिन्याला पाठवले आणि दर महिन्याला स्क्रीनशॉट काढून ठेवला.

त्याच सुमारास लाइनवर 'ट्रेनी' म्हणून नवी पोरं आली. बारावी झालेली, काही डिप्लोमा सोडलेली. नीम नावाची योजना एआयसीटीईने, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेने, २०१३ मध्ये आणली होती. तीन महिने ते तीन वर्षं कारखान्यात शिकायचं आणि अकुशल कामगाराच्या किमान वेतनाइतकं विद्यावेतन मिळायचं. शिकणारे म्हणून त्यांना पीएफ नाही. त्या पोरांना शिकवायला कोणी नव्हतं. पहिल्या दिवशी अर्धा तास सेफ्टीचं सांगितलं आणि दुपारी प्रेसवर उभं केलं. आमच्यापेक्षाही स्वस्त माणूस मिळाला एवढंच. शिकाऊ उमेदवारी ही चांगली गोष्ट आहे, मी स्वतः त्या वाटेने गेलेलो नाही पण माझे मित्र गेलेत आणि टूलरूममध्ये उत्तम काम शिकलेत. म्हणूनच शिकवण्याच्या नावाखाली उत्पादन काढून घेतलेलं पाहिलं की माझा संताप होतो.

२०२२ च्या पावसाळ्यात माझ्या रूममेटचा अपघात झाला. आमच्याच लाइनवर, रात्रपाळीला, टेप लावलेल्या प्रेसवर. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट. मी त्याला कंपनीच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. तिथे ठेकेदाराचा माणूस आमच्या आधी पोचलेला होता आणि फोनवर कोणाला तरी त्याचा आधार नंबर वाचून दाखवत होता. दोन दिवसांनी रूममेटच्या मोबाइलवर ईएसआयचा विमा नंबर आल्याचा मेसेज दाखवला गेला. नोंदणीची तारीख अपघाताचीच. तो पाच महिने काम करत होता आणि पाचही महिने त्याच्या पगारातून ईएसआयच्या नावाने पैसे कापले जात होते.

त्या रात्री आम्ही खोलीतल्या सगळ्यांनी आपापले पीएफचे नंबर तपासले. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, ॲक्टिव्हेट केलेला असेल तर उमंग ॲपवर पासबुक दिसतं. नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल दिला तरी शिल्लक कळते. माझ्या पासबुकात पहिल्या नावाखाली चार महिने भरलेले, बाकीचे नाहीत. दुसऱ्या नावाखाली सुरुवातीचे दोन महिने आणि नंतर काहीच नाही. आणखी एक गोष्ट दिसली. कामगाराचा १२ टक्के आणि मालकाचा १२ टक्के, दोन्ही आमच्याच पगारातून जात होते. मालकाचा हिस्सा सभासदाच्या वेतनातून कापायचा नाही, हे पीएफ योजनेच्या परिच्छेद ३१ मध्ये सरळ लिहिलं आहे.

मी दुसऱ्या दिवशी सुपरवायझरला विचारलं. त्याने ठेकेदाराकडे पाठवलं. ठेकेदाराने चहा पाजला, 'भाऊ, तू आपला माणूस आहेस, तुझं मी बघतो,' म्हणाला. शनिवारी माझं पंचिंग बंद झालं. गेटवरच्या वॉचमनमामांनी यादी दाखवली, नाव नव्हतं. महिन्याचे २२ दिवस भरलेले, त्याचा पगार नाही. वेतन प्रदान कायद्याप्रमाणे कामावरून काढलं तर दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पूर्ण पगार द्यावा लागायचा. एचआरला फोन केला. उत्तर आलं, 'तुम्ही आमचे कामगारच नाही.'

बहुतेक पोरं इथे थांबतात, आणि ठेकेदाराचं सगळं गणित यावरच बसलेलं आहे. खोलीभाडं चालू, खाणावळ चालू, घरी पैसे पाठवायचे. पंधरा दिवस रिकामं बसून भांडायला कोणाकडे पैसे आहेत? पोरगं आंबेठाण चौकात दुसऱ्या ठेकेदाराकडे जातं आणि जुना हिशेब सोडून देतं. मीही आठवड्यात म्हाळुंग्याला दुसरीकडे लागलो, पण तिथे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी होती. सरकारी कार्यालयं गुरुवारी उघडी असतात. त्यामुळे हे जमलं.

आधी पर्मनंट काकांकडे गेलो. त्यांनी सांगितलं, तोंडी एक शब्द बोलायचा नाही, जे आहे ते कागदावर. मग मी सगळं गोळा केलं: गेटपासचे दोन्ही बाजूंचे फोटो, बँकेचं स्टेटमेंट, मेहुण्याला पाठवलेल्या पैशांचे स्क्रीनशॉट, पीएफ पासबुक आणि सर्व्हिस हिस्टरी, जिच्यात एकाच मशीनवर उभ्या असलेल्या माझे दोन मालक दिसत होते. आणि एक खजिनाच म्हणावा असा पुरावा माझ्या मोबाइलमध्ये आयता पडलेला होता. आमच्या लाइनचा व्हॉट्सॲप ग्रुप. सुपरवायझर स्वतः रोज त्यावर टाकायचा: तारीख, शिफ्ट, लाइन नंबर, कोण किती तास, किती नग. 'बी शिफ्ट, १२ तास' आणि खाली आमची नावं. मला ग्रुपमधून काढायच्या आधी मी पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून मेलवर ठेवली होती. तुम्ही असल्या कुठल्या ग्रुपमध्ये असाल तर आजच करून ठेवा.

मग कळलं की ज्या चार जागी पगार कापला जातो त्या चारींची दारं वेगळी आहेत. पगाराचा फरक आणि अडवलेला पगार कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे. ओव्हरटाइम आणि मशीनची सुरक्षा कारखाने निरीक्षकांकडे, म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयात. पीएफ पीएफच्या कार्यालयात, ईएसआय ईएसआयच्या. बारा तासांची ड्युटी करणाऱ्या पोराने चार ठिकाणी चार अर्ज करायचे. ही रचना ज्यांनी केली त्यांनी कामगाराच्या सुट्टीचा विचार केलेला नाही, असं मला ठामपणे वाटतं.

सगळ्यात सोपं पीएफचं निघालं. तक्रारीचं पोर्टल आहे, ईपीएफआयजीएमएस नावाचं. यूएएन टाकायचा, ओटीपी घ्यायचा, कोणत्या महिन्यांचे पैसे आले नाहीत ते लिहायचं आणि बँक स्टेटमेंट जोडायचं. मी दोन्ही फर्मविरुद्ध वेगळ्या तक्रारी केल्या. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत वर्गणी भरायची असते आणि उशीर झाला तर मालकाला व्याज आणि दंड दोन्ही लागतात, त्यामुळे पीएफची नोटीस ठेकेदाराला झोंबते. काही आठवड्यांत दुसऱ्या नावाखालचे बहुतेक महिने पासबुकात दिसले.

कामगार कार्यालयाचा अर्ज लिहायला मी पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलो. औद्योगिक कामगाराला विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे वकील मोफत मिळतो. तिथल्या वकीलबाईंनी माझे कागद टेबलावर पसरले आणि पहिला प्रश्न विचारला, 'दावा कोणावर करतोयस?' मी ठेकेदाराचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, कंपनीवरही कर. कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१ मध्ये होतं की ठेकेदाराने पगार दिला नाही किंवा कमी दिला तर तो मुख्य मालकाने, म्हणजे कंपनीने, द्यायचा आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचा. शिवाय कंत्राटी कामगारांचा पगार वाटताना मुख्य मालकाच्या माणसाने हजर राहून रजिस्टरवर सही करायची असायची. म्हणजे 'आमचे कामगार नाही' म्हणणाऱ्या एचआरच्या सहीखाली आमचा पगार दर महिन्याला निघत होता.

त्यांनी आणखी एक काम लावलं. माहिती अधिकारात अर्ज करून कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि ठेकेदारांचे परवाने माग. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं त्यात पहिल्या फर्मचा परवाना ६० माणसांचा होता, आणि दुसऱ्या फर्मचा परवानाच नव्हता. आमच्या दोन शिफ्टच्या ग्रुपवरची नावं मोजली तर दीडशेच्या वर जात होती.

कामगार कार्यालयात पहिल्या तारखेला ठेकेदार आलाच नाही. दुसऱ्या तारखेला त्याचा वकील आला आणि मुदत मागितली. कंपनीला मुख्य मालक म्हणून वेगळी नोटीस गेल्यावर मात्र सगळे आले. ठेकेदार, त्याचा वकील, आणि एचआरचे तेच साहेब.

ठेकेदाराने पगाराचं रजिस्टर आणलं होतं. जाड, हिरव्या पुठ्ठ्याचं. माझ्या नावासमोर दर महिन्याला २६ दिवस, आठ तास, दर बरोबर, ओव्हरटाइमचा रकाना कोरा. आणि शेवटी सही, इंग्रजीत, आडनावाला खाली लांब शेपूट काढलेली. मी दहावीपासून मराठीत सही करतो. पॅन कार्डावर मराठी, बँकेत मराठी. अधिकाऱ्यांनी एक कागद पुढे केला आणि पाच वेळा सही करायला सांगितली. मी केली. त्यांनी तो कागद रजिस्टरशेजारी ठेवला, पॅन मागितलं, तेही शेजारी ठेवलं, आणि काही न बोलता लिहायला लागले.

मग ठेकेदाराच्या वकिलाने राजीनामा काढला. टाइप केलेला, माझ्या नावाचा: मी वैयक्तिक कारणाने काम सोडत असून माझा संपूर्ण हिशेब मला रोख मिळाला आहे, माझं काही येणं बाकी नाही. खाली माझी खरी सही, मराठीत. जॉइनिंगच्या दिवशीची. मला क्षणभर घाम फुटला. मग तो कागद हातात घेऊन नीट पाहिला. मजकूर थोडा लांब झाला होता. शेवटच्या दोन ओळी खाली सरकून माझ्या सहीवर चढल्या होत्या आणि प्रिंटरची काळी अक्षरं निळ्या शाईच्या वरून गेलेली दिसत होती. 'नाही' मधला 'ना' तर माझ्या सहीच्या पहिल्या अक्षरावरच बसलेला. मी कागद अधिकाऱ्यांना दिला आणि तेवढीच जागा बोटाने दाखवली. त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरका धरला. परत येऊन ठेकेदाराच्या वकिलाला म्हणाले, 'हा कागद तुम्ही रेकॉर्डवर दाखल करताय का? विचार करून सांगा.' वकिलाने कागद परत फाइलमध्ये ठेवला. मी लगेच म्हणालो की तो दाखवला गेला होता हे आजच्या नोंदीत यावं, आणि ते आलं.

एचआरच्या साहेबांचा सूर त्यानंतर बदलला. बाहेरच्या बाकावर मला बाजूला घेऊन म्हणाले, तू हुशार आहेस, डायरेक्ट ऑफर देऊ का? मी विचारलं, बाकीच्या पोरांचं काय? ते उठून गेले.

तडजोड पुढच्या तारखांना झाली. किमान वेतन कायद्याच्या कलम २० खाली कमी दिलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई मागता येत होती, पण दावा सहा महिन्यांच्या आतला असावा लागे आणि उशिराचं कारण पटवावं लागे. माझी पहिल्या फर्मची सात महिन्यांची रक्कम त्यामुळे डळमळीत होती. वकीलबाईंनी दोन्ही बाजू समोर ठेवल्या: लढायचं तर वर्षं जातील, जिंकण्याची शक्यता चांगली आहे. मी घेतलं ते असं. मेहुण्याला पाठवलेले सगळे पैसे, अडवलेल्या २२ दिवसांचा पगार, बोनस आणि ग्रुपवर नोंद असलेल्या ओव्हरटाइमचा फरक मिळून ५८ हजार रुपये, बँकेतून, रोख एक रुपया नाही. पहिल्या फर्मचा दर-फरक सुटला. तो माझा होता आणि मला मिळाला नाही. तडजोडीच्या कागदावर पीएफचा हक्क शाबूत आहे असं एक वाक्य घालून घेतलं. ते त्यांनी खोडायचा दोनदा प्रयत्न केला.

आता नियम बदलले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहितेत दाव्याची मुदत तीन वर्षं आहे, कोणत्याही कारणाने काम सुटलं तरी दोन कामाच्या दिवसांत हिशेब द्यायचा आहे, आणि कामाच्या सुरक्षेच्या संहितेप्रमाणे नेमणूकपत्र प्रत्येकाला देणं बंधनकारक आहे. ओव्हरटाइम दुप्पटच. तीन वर्षांची मुदत माझ्या वेळी असती तर ते सात महिने सुटले नसते. नेमणूकपत्र मात्र मागितल्याशिवाय मिळेल असं मला चाकणची हवा बघून वाटत नाही. जॉइनिंगच्या दिवशी ते मागा, नाही दिलं तर त्याच संध्याकाळी ठेकेदाराला व्हॉट्सॲपवर लिहा: आज अमुक तारखेपासून अमुक कंपनीत अमुक पगारावर रुजू झालो, नेमणूकपत्र मिळावं. दोन निळ्या खुणा आल्या की तुमच्याकडे तारखेचा पुरावा झाला.

रूममेटच्या ईएसआयचं जास्त लांबलं. अपघाताचा अहवाल मालकाने फॉर्म १२ मध्ये द्यायचा असतो; ठेकेदाराने दिला त्यात 'कामाचा पहिला दिवस' लिहिलं होतं. आम्ही त्याच्या आधीच्या पाच महिन्यांच्या पगाराच्या नोंदी आणि ग्रुपवरचं त्याचं नाव जोडून ते खोडून काढलं. कामावर असताना झालेल्या दुखापतीला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे, त्यामुळे त्याचा लाभ बुडणार नव्हता, पण खोटी तारीख राहिली असती तर कंपनीची सुटका झाली असती. उपचाराच्या काळात वेतनाच्या ९० टक्के पैसे मिळाले. नंतर मेडिकल बोर्डाने कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवलं आणि त्याप्रमाणे त्याला दर महिन्याला आयुष्यभराची रक्कम सुरू झाली. फार नाही, पण त्याच्या नावाची आहे. तो परत गावाकडे गेला, तालुक्याला मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बसतो. बारीक तार धरायला त्याला डावा हात शिकवावा लागला.

कारखाने निरीक्षकांकडे मी दिलेल्या अर्जावर तपासणी झाली. पर्मनंट काकांनी फोन करून सांगितलं की जुन्या प्रेसना आता लाइट कर्टन बसवलेत, हात आत असेल तर स्ट्रोक पडत नाही, आणि टेप बंद झाली. ड्युटी मात्र अजून बारा तासांचीच आहे.

लाइनवरच्या दोघांनी गेल्या महिन्यात मला गाठलं. त्यांचाही पीएफ तसाच, पगाराचे पैसे परत घेणंही तसंच, फक्त मेहुण्याऐवजी आता दुसऱ्याच कोणाचा नंबर. त्यांचे अर्ज मी माझ्या खोलीवर बसून लिहून दिले. वर पहिलं नाव कंपनीचं टाकलं, दुसरं ठेकेदाराचं, आणि पैसे घेणाऱ्या त्या नंबरचे सगळे स्क्रीनशॉट तारखेप्रमाणे लावून मागे जोडले.